मण्यांचे पट्टे आणि पारूबाईची अट

मणी सांडला की लगेच सापडत नाही. आपण ओटा झाडतो, केर सुपात घेऊन पाखडतो, शेजारणीच्या पदराला चिकटलाय का ते बघतो. आणि मग आठवड्याने तो आपल्याच चहाच्या कपात निघतो! आमच्या ओट्यावरच्या गोष्टींचंही तसंच झालंय. घडल्या तेव्हा कुणी वेचून ठेवल्या नाहीत. आता कुठलंही भांडं उपडं करा, एक गोष्ट टपकन खाली पडते. मी शाळेत गेले नाही, त्यामुळे लिहायला शिकले नाही. पण विसरायलाही शिकले नाही! मी बोलते, नात मोबाइलवर उतरवून घेते.

आमचं गाव आंदर मावळात. दुपारची एसटी गेली की गावात कोंबड्यांशिवाय कुणाचा आवाज नाही. त्या वेळेला माझ्या ओट्यावर आम्ही बायका मण्यांचे पट्टे शिवतो. मनगटाला बांधायचा चार बोटं रुंद कापडी पट्टा. आत कडक बक्रम, वर कापड, कापडावर बारीक काचेचे मणी टाचून फुलं-पानं, मागून अस्तर आणि टोकाला टिचबटण. लोणावळ्याला ऋचाताईचं दुकान आहे, चिक्कीवाल्यांच्या गर्दीत, जरा आतल्या बाजूला. ती आमचा माल घेते. ती त्याला ‘कफ’ म्हणते. आमच्यात कफ छातीत होतो, म्हणून आम्ही आपलं पट्टा म्हणतो!

ओट्यावर मी, शबाना आणि कोमल. बाकीच्या दोघी-तिघी येऊन-जाऊन. शबाना आमच्या सलीमभाई टेलरची बायको, तोंडाने फटाकडी. कोमल म्हणजे पारूबाईची सून. माहेर देहूरोडचं, वडील डेपोत नोकरीला. तिकडे दाराशी रिक्षा, कोपऱ्यावर दुकान. लग्न होऊन आली ती आमच्या डोंगरात. नवरा आंबीला कंपनीत शिफ्टवर. घरात दिवसभर सासू, म्हैस आणि ही. चार महिने या पोरीचा आवाज कसा आहे ते गावाला कळलं नव्हतं. माझ्या ओट्यावर शबानाच्या कशावर तरी ती पहिल्यांदा हसली, तेव्हा आम्ही सगळ्या सुया थांबवून तिच्याकडे बघत राहिलो.

पण पारूबाईने अट घातली होती. संक्रांतीला वाणाला आली तेव्हाच मला म्हणाली, “गंगे, सून बसूं दे तुझ्याकडं. पर लावनी आली की सुई डब्यात आन सून खाचरात. त्येच्या आदी कायबी वंगाळ झालं, तर त्याच दिशी उठवून न्हीन!”

पारूबाई बोलली म्हणजे बोलली. तिच्या आवाजाने म्हैससुद्धा उजवीकडची डावीकडे होते!

*

आमची पहिली मोठी ऑर्डर. महिनाभर खपून शिवली. ऋचाताई गाडी घेऊन आली, एक पट्टा उचलला, मनगटाला लावला आणि टिचबटण दाबलं. हात वर केला, तर पट्टा सुळकन कोपरापर्यंत! हात खाली केला, तर पट्टा जमिनीवर!

दुसरा उचलला. तोही तसाच. तिसराही.

“मावशी, माप कुणाचं घेतलं?”

“आपापल्या हाताचं,” मी म्हटलं.

“मनगटाचं?”

शबानाने दोन्ही हात पुढे केले. कोपराच्या खाली चांगल्या वीतभर बांगड्या! “ताई, मनगटावर जागा कुटं हाय? जिथं मोकळं दिसलं तिथं पट्टी गुंडाळली!”

आमच्यात बांगडी काय मापासाठी उतरवतात? सगळ्यांनी बांगड्यांच्या वर, हात जिथे जाड होतो तिथलं माप घेतलं होतं. आणि कुणालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं!

ऋचाताई डोक्याला हात लावून बसली. मग म्हणाली, “आता तरी मोकळं मनगट कुणाचं आहे?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मालक गेल्यापासून मी काही बांगड्या भरल्या नाहीत. मी म्हटलं, “अगं बघता काय चोरट्यासारख्या? घ्या माप!” आणि हात पुढे केला. मोकळ्या हाताचा कुणाला काही उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

शबाना पट्टी गुंडाळत म्हणाली, “मावशी, आजपासून तुमचं मनगट म्हंजे सरकारी माप! त्येला चुन्याची रेघ मारून ठिवा!”

एवढ्यात गावाला बातमी. पारूबाई दारात हजर. “माल माघारी आला म्हनं. मंग सूनबी माघारी घ्यावी म्हन्ते.”

कोमलने सुई डब्यात ठेवली. मी म्हटलं, “पारू, माल माघारी न्हाई आला. मापाला आलाय!”

पारूबाईने ऋचाताईकडे बघितलं. ऋचाताईने घाईघाईने मान हलवली. पारूबाई म्हणाली, “शिकल्याली बाई दिसत्या, खोटं बोलताना मान लय हालती!” आणि निघून गेली. पण एकटीच गेली! आम्ही टोकाचे मणी उसवले, बटणं आत सरकवली आणि त्याच आठवड्यात माल पोचता केला. जीव भांड्यात पडला.

*

सलीमभाईच्या दुकानातल्या चिंध्या आम्ही अस्तराला वापरतो. शबाना पिशवी भरून आणते. एकदा पिशवीत जांभळं रेशमी कापड निघालं. इतकं मऊ की पट्ट्याला आतून नाही, बाहेरूनच लावलं. त्याच्यावर पांढऱ्या मण्यांची जुई काढली. ऋचाताई बघून वेडी झाली. माल गेला.

दुसऱ्या दिवशी सलीमभाई दुकानातली गादी उलटतोय, मशीन हलवतोय, बायकोला विचारतोय, “वो जांभळ्या ब्लाऊजच्या बाह्या कुटं गेल्या?”

शबानाने आधी छताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. बाह्या लोणावळ्याला गेल्या होत्या!

ब्लाऊज होता गावातल्या पाटलीणकाकूंचा. वय माझ्याएवढं. नातवाच्या साखरपुड्याला घालायचा होता, दुसऱ्याच दिवशी! तसलं कापड आता पुण्याशिवाय मिळायचं नाही. सलीमभाई घामाघूम. शेवटी देवाचं नाव घेऊन त्याने बिनबाह्यांचाच शिवला, काखेला गोट लावला आणि काकूंच्या हातात ठेवून म्हणाला, “काकू, हल्ली हीच फॅशन हाय. पुन्याच्या बाया असलंच घालत्यात.”

साखरपुड्याला आम्ही सगळ्या मागच्या रांगेत जीव मुठीत धरून. काकू आल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. आता बोलतील, मग बोलतील. जेवणं झाली, पाहुणे हलले, काकू तडक सलीमभाईकडे गेल्या. तो बिचारा खुर्चीतून उठून उभा.

काकूंनी इकडे-तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “दादा, वारा लय गार लागतो रं! आनखी दोन शिव!”

*

कोंबड्यांची गोष्ट कोमलला भोवणार होती.

पिवळे मणी अगदी मक्याच्या कण्यांसारखे दिसतात. कोमलने काम घरी नेलेलं, मणी वाटीत ओतून उंबऱ्यावर ठेवले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. परत येते तर वाटी रिकामी, आणि पारूबाईची तांबडी कोंबडी चोच पुसतेय! पोरीने कुणाला सांगितलं नाही. मला तेवढं सांगितलं. मी म्हटलं, “कोंबडी काय बोलायची न्हाई. तूबी बोलू नगो.”

पण रविवारी पारूबाईचा जावई आला! जावई आला की कोंबडी पडते, आणि पडली ती नेमकी तांबडी. पेटा, म्हणजे कोंबडीची दाणे दळायची पिशवी, धुतला कोमलनेच, पण घाईत. जावयाला मानाने कलेजी-पेटा वाढला. त्याने घास घेतला. कट्ट!

जावईबापूंनी तोंडातून पिवळा मणी काढला, ताटाच्या कडेला ठेवला. तोही जरा ताठ्याचा माणूस. म्हणाला, “मामी, तुमच्यात कोंबड्याबी दागिने घालत्यात व्हय?”

कोमल चुलीपाशी दगड झालेली.

पारूबाईने मण्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि भाकरी वाढत म्हणाली, “घालत्यात की! आमच्या घरात आल्यावर कोंबडीलाबी काय कमी पडू देत न्हाई आमी. आमच्या पोरीच्या गळ्यात काय घातलं तुमी, ते सांगा!”

जावई खाली मान घालून जेवला. मणी त्याने परत बाहेर काढला नाही. पुढचे निघाले असतील तर गिळलेच असणार!

जावई गेल्यावर आत काय झालं ते शेजारच्या भिंतीला माहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी कोमल वेळेवर ओट्याला आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुस्कारा टाकला. “आत्या काय म्हनाल्या?” शबानाने विचारलं.

कोमल म्हणाली, “म्हनल्या, पुढल्या टायमाला तांबडे मनी खायाला घाल, रश्शात दिसायचे न्हाईत.”

*

मे महिन्यात लोणावळ्याला माणसांचा पूर येतो. ऋचाताई म्हणाली, एक रविवार तुम्ही दुकानात येऊन बसा, गिऱ्हाइकांना तुमचं काम बघू दे. कोमलला न्यायचं म्हणजे पारूबाईची परवानगी.

“लोनावळ्याला? तितं काय हाय?”

“लोकं हवा खायाला येत्यात,” मी म्हटलं.

“मंग आपल्याकडं काय हवा कमी हाय? खा म्हनावं पोटभर!” शेवटी तीनदा बजावून सोडली. “दिवस मावळायच्या आत पोर घरात पायजे. न्हाई आली तर ऱ्हाऊ द्या तुमचं मनी टाचनं!”

दुकानात मी खुर्चीवर बसून पट्टा शिवत होते. लोक बघायचे, फोटो काढायचे, चिक्कीची पिशवी सावरत पुढे जायचे. विकलं काहीच जात नव्हतं. मग मुंबईचं एक जोडपं आलं. बाईला पट्टा आवडला. मनगटाला लावून आरशात बघतेय. नवरा मागून, “धुवायचा कसा हा? रोज घरात पाण्यात हात असतो हिचा. दोन दिवसांत मणी निघतील. राहू दे.”

बाईने पट्टा काढायला घेतला. मला राहवलं नाही. म्हटलं, “बाई, ह्यो धुवायचा न्हाई. ह्यो हातात असला की भांडी मालकांनी घासायची!”

सगळं दुकान हसलं. नवराही हसला, पण उशिरा. बाईने नवऱ्याकडे बघितलं आणि ऋचाताईला म्हणाली, “दोन द्या. दोन्ही हातांना!”

मग काय! शबानाने तेच वाक्य तिच्या हिंदीत चालवलं. शेवटी तर नवरेच लांबून बघून रस्ता बदलायला लागले! पण या गडबडीत आमची एसटी चुकली. कोमलचा चेहरा उतरला. दिवस उतरायला लागला तसा तो आणखी उतरला. लोकलने कामशेतला आलो, तिथून सलीमभाईच्या मेव्हण्याचा टेम्पो मिळाला. पोरगी पुढे बसून सबंध वाट सूर्याकडे बघत होती, जणू डोळ्यांनीच त्याला वर धरून ठेवलाय!

गावाच्या फाट्यावर पारूबाई उभी. उन्हाची शेवटची तिरीप तिच्या पायांवर. आम्ही उतरलो. तिने आधी सूर्याकडे बघितलं. मग कोमलला म्हणाली, “म्हस तुझी वाट बघून ऱ्हायली.”

कोमल पळाली. मी बघितलं, पारूबाईच्या हातात दुधाची किटली होती. काठोकाठ भरलेली. म्हैस कधीच पिळून झाली होती!

*

आणि आता ही शेवटची. हे आता लावणीच्या तोंडावरचं. खाचरातली रोपं हिरवीगार झालेली, सगळं गाव आभाळाकडे बघतंय. कोमल मात्र आभाळाकडे बघायची नाही. शबानाची बडबडही थंडावली होती. दोनदा मी पारूबाईकडे गेले, दोनदा तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि विषय बदलला.

त्यातच ऋचाताईने एका नवरीचं काम आणलं. म्हणाली, “तिला गुलाब नको, कमळ नको, मोबाइलवरचं काहीच नको. तुमच्याकडचं काहीतरी पाहिजे. नमुना आवडला तर मैत्रिणींसाठीसुद्धा घेईल.” आम्ही डोकं खाजवलं. शबाना म्हणाली, भाताची लोंबी काढू. मी म्हटलं, तेरड्याचं फूल काढू. कोमलने चिंध्यांतला काळ्या कापडाचा तुकडा तेवढा उचलला.

दोन दिवसांनी तिने पदराखालून पट्टा काढला. काळ्या कापडावर हिरवट-निळे मणी. मधे एक विंचू, दोन्ही बाजूंना मोर, कडेने ठिपक्यांच्या ओळी. आम्ही बघतच राहिलो. इतकं सुरेख काम माझ्या ओट्यावर कधी झालं नव्हतं. शबानाने पट्टा उलटासुलटा केला आणि एकदम म्हणाली, “या अल्ला! ह्यो तर पारूमावशीचा हात!”

खरंच. पारूबाईच्या उजव्या हातावरचं गोंदण! लहानपणी माहेरच्या जत्रेत गोंदवून घेतलेलं. कोमल खाली मान घालून म्हणाली, “आत्या दुपारच्या झोपत्यात तेव्हा मी कागदावर काढून घेतलं. विचारायचं धाडस न्हाई झालं.”

“ह्ये तिला कळलं तर?” मी म्हटलं.

कोमलच्या डोळ्यांत पाणी आलं. “लावणी परवावर आलीय, मावशी. तसंबी उठायचंच हाय मला. जाताना एक तरी चांगला करावा म्हटलं.”

ऋचाताई नमुना न्यायला आली. हातात घेऊन तिने तो आधी आपल्याच मनगटाला लावून बघितला. आणि तेवढ्यात ओट्याच्या पायरीवर सावली पडली. पारूबाई! लेकाने म्हणे रात्रपाळीहून येऊन कौतुकाने मोबाइल दाखवला होता, “आई, हा बघ तुझा हात!” बायकोने पाठवलेला फोटो आईला दाखवून मोकळा झाला!

“कुटं हाय त्यो?” पारूबाईने विचारलं.

ऋचाताईला बिचारीला काही माहीत नाही. तिने हसत पट्टा पुढे केला. “आजी, बघा ना किती सुंदर केलाय तुमच्या सुनेने!”

पारूबाईने पट्टा घेतला. डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. आपला उजवा हात वर करून त्याच्याशेजारी धरला. एकदा हाताकडे, एकदा पट्ट्याकडे. कोमल उठून उभी राहिलेली, चप्पल पायात सारलेली. पारूबाई तिला घरी न्यायला आलीय, हे आम्ही सगळ्या समजून चुकलो होतो.

“ह्या इच्चवाची नांगी कुनाकडं हाय?” पारूबाई म्हणाली.

कोमल पुटपुटली, “आतल्या बाजूला.”

“माझ्या हातावर कुनाकडं हाय?”

“बाहेरच्या.”

“मंग? नांगी लोकांकडं असती, आपल्याकडं न्हाई! त्या नवरीला लग्नातच डसवनार व्हय?”

“तुमी झोपला हुता, आत्या. मी समोरनं बसून काढलं, म्हनून उलटं आलं.”

शबानाला हसू आलं ते तिने पदरात कोंबलं. पारूबाई ओट्यावर चढली. माझी चटई पायाने सरळ केली, खांबाला टेकून बसली आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवला.

“समोर नगो. हितं, ह्या अंगाला बस. आन झोपल्याल्या मानसाचा हात काय बघत्यास चोरावानी? जागेपनी बघ. सावकाश काढ. लावनीला मी रोजावर बाया सांगून आल्ये.”